शोभाताईंचं पिवळं कूपन

“हिचं घड्याळ म्हन्ते, हे दिवसभर बसूनच राह्यते.”

हिंगण्याच्या कारखान्यातल्या कँटीनच्या रांगेत माझ्या पुढे दोन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला हे म्हणाली आणि दोघी हसल्या. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या शोभाताई त्यांच्याही पुढे, वाढणाऱ्याच्या समोर होत्या. त्यांनी ऐकलं, पण मागे वळून बघितलं नाही. हातातलं पिवळं कूपन काउंटरवर ठेवलं. वाढणाऱ्याने दोन पोळ्या, वरण आणि काकडीच्या चकत्या वाढल्या आणि भाताकडे गेलेला हात मागे घेतला. मागच्या दोघींकडे हिरवी कूपनं होती. त्यांना चार पोळ्या, भाजी, वरण आणि भात.

“मंग ट्रॉली काय तिची सासू ढकलते का वं?” दुसरी म्हणाली, आणि त्या पुन्हा हसल्या.

मी ताट धरून उभी होते. तो पिवळा रंग मीच निवडला होता. कोणाला पिवळं आणि कोणाला हिरवं याची यादीही दर सोमवारी माझ्याच लॅपटॉपवरून जायची.

‘तुमच्या कामातल्या गमती लिहा,’ असं मला या अंकासाठी सांगण्यात आलं. गमती आहेत, त्या लिहिते. पण गमतींच्या आड जे झालं तेही लिहिणार आहे. मी कमी बोलते, त्यामुळे लोकांना वाटतं की मला सगळं मान्य आहे. शाळेतही तसंच वाटायचं, ऑफिसातही तसंच वाटलं. ते एकदा लेखी खोडून काढावं म्हणते.

मी आहारशास्त्र शिकले. नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत चार वर्षं आहार सल्लागार होते. आमची कंपनी मनगटावर बांधायचे बँड आणि त्याबरोबर मोबाइलवरचं ॲप द्यायची. काही ग्राहक स्वतः पैसे भरून यायचे, पण खरा धंदा कारखान्यांचा होता. ‘कामगारांचं आरोग्य’ या नावाखाली एकेक कारखाना तीनतीनशे बँड घ्यायचा. हिंगण्याचा हा कारखाना शेव-फरसाण तयार करणारा होता. मी आठवड्यातून दोन दिवस कंपनीच्या बसने तिथे जायचे आणि दवाखान्याच्या खोलीतल्या एका टेबलावर बसायचे.

बँड आणि ॲप मिळून काय करतात ते आधी सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की बँड कॅलरी मोजतो. तो कॅलरी मोजत नाही. तो अंदाज करतो. तुमचं वय, उंची, वजन आणि बाई की पुरुष एवढं सांगितलं की ॲप एक आकडा काढतं: हा माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी शरीराला इतकं लागेल. मग तुम्ही काम कसलं करता ते विचारतं, बैठं, उभ्याचं की अंगमेहनतीचं. त्यावरून थोडी भर घालतं. वजन कमी करायचं असेल तर त्यातून काही वजा करतं. सकाळी उठल्यावर दिसतो तो आकडा असा आलेला असतो.

यानंतर दिवसभर तो आकडा हलत राहतो. बँडच्या आत एक चिप असते, तिला झुलणं आणि हिसके कळतात. हात झुलला की ती पाऊल धरते. बँडच्या खालच्या बाजूला हिरवा दिवा असतो. तो कातडीत उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून नाडी ओळखतो. पावलं आणि नाडी वाढली की ॲप म्हणतं, आज तुम्ही जास्त खर्च केलात, हे घ्या दोनशे जास्त. आणि अपेक्षेपेक्षा कमी हालचाल दिसली की काढूनही घेतं. आमचं ॲप तर आठवडाभराची सरासरी बघून पुढच्या आठवड्याचा आकडाच खाली सरकवायचं. विकताना आम्ही याला ‘तुमच्यासोबत शिकणारं ॲप’ म्हणायचो. ते तुमच्याबद्दल जे काही शिकायचं ते एका मनगटावरून शिकायचं, हे मात्र आम्ही म्हणत नव्हतो.

मला हे पहिल्यांदा शिकवलं इतवारीच्या एका कापड व्यापाऱ्याने. त्यांना आपण शेठजी म्हणू, दुकानात सगळे तेच म्हणत. साठीच्या आसपासचे, वजन शंभराच्या वर, आणि स्वभावाने अत्यंत आज्ञाधारक. ॲपने सांगितलेला एक घासही ते सोडत नसत. तीन महिन्यांत त्यांचं वजन चार किलोने वाढलं. त्यांनी मला ओरडण्यासाठी बोलावलं असेल असं वाटून मी घाबरत दुकानात गेले, तर ते खुशीत होते. मला मोबाइल दाखवला. रोज अठरा हजार पावलं. “मॅडम, मैं तो गादीवरून उठत पण नाही, आणि हे म्हणते मी रामटेक जाऊन आलो. म्हणते, आणखी खा. मी म्हटलं, मशीन कहती है तो खा लेते हैं.”

मी गादीच्या कोपऱ्यावर तासभर बसले. शेठजी गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते. ठाण उलगडायचं, मीटरपट्टीवर सर्र सर्र ओढत मोजायचं, कापायचं, पुन्हा गुंडाळायचं. उजवा हात अखंड झुलत होता आणि बँड उजव्या हातात होता. मीटरभर कापडाला एक पाऊल. साड्यांच्या मोसमात तर त्यांना रोज एक जादा जेवण मिळत होतं. मी बँड डाव्या हातात बांधायला सांगितला, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आठवडाभराने दुकानातून फोन आला की शेठजींनी बँड परत उजव्या हातात घातला आहे आणि त्यांना मॅडमशी बोलायचं नाही.

हा किस्सा मी ऑफिसात सांगितला, माझ्या मानाने बराच रंगवून. सगळे हसले. मीही हसले आणि विसरले. तिथेच मला एक साधा उलटा प्रश्न पडायला हवा होता: बसलेल्या माणसाचा हात हलला तर बँड त्याला चालवतो, मग चालणाऱ्या माणसाचा हात स्थिर असेल तर? तो प्रश्न मला पडला नाही. वर्गात पहिली यायची सवय असलेल्या मुलींना आपल्याला न पडलेले प्रश्न फार उशिरा आठवतात.

कारखान्यातही गमती होत्या. तळण विभागातल्या पुरुषांनी आठवड्याच्या आत बँडचं मर्म ओळखलं. शेव चाळायची यंत्राची चाळणी तिथे दिवसभर थरथरत असते. तिच्या बाहेरच्या दांड्याला त्यांनी एका ओळीत अकरा बँड बांधले आणि निवांत काम केलं. महिनाअखेरीस तळण विभाग हा कारखान्यातला सर्वांत चपळ विभाग ठरला. प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला, सगळ्यांना हिरवी कूपनं. मला हे ठाऊक होतं. मी चाळणीजवळून जाताना बघितलं होतं. त्यांच्यातल्या एकाने “मॅडम, चाळनीले पन हिरवं कूपन देऊन टाका” म्हणून मला गप्प केलं होतं, आणि मला गप्प करणं तेव्हा सोपं होतं.

आता कूपनांचं सांगते. बँड येऊन महिना व्हायच्या आतच कारखान्याच्या एचआरचे बोरकर सर म्हणाले की बँडचा काही दिसण्यासारखा उपयोग व्हायला हवा. बोरकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या वडिलांना मधुमेहाने गिळलं होतं, त्यामुळे भात आणि तेल यांवर त्यांचा खराखुरा राग होता. आमच्या कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही नुसतं आदित्य म्हणायचो, त्यांनी मला विचारलं की कँटीनसाठी काही करता येईल का. मी एक पान तयार केलं. ज्यांचा दिवसाचा आकडा एका मर्यादेच्या खाली, त्यांना हलकं ताट. मर्यादा मी ठरवली. रंग मी ठरवले. पान छान झालं होतं. खाली मी एक वाक्य लिहिलं होतं की हे सक्तीचं नसावं, ऐच्छिक असावं. ते वाक्य पुढच्या बैठकीत पानावर नव्हतं. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही. इतर काहीही मी परिस्थितीवर ढकलू शकते, हे एक नाही.

आणखी एक काम मीच केलं होतं. तीनशे लोकांची माहिती भरताना ‘काम कसलं’ या रकान्यात मी विभागवार उत्तर टाकलं. पॅकिंग विभाग: बैठं. पॅकिंगच्या बायका टेबलाशी बसूनच पाकिटं भरतात, त्यामुळे एका क्लिकमध्ये चाळीस जणी बसल्या. त्या चाळिसांत शोभाताई होत्या. हजेरीपटावर त्या पॅकिंगमध्ये होत्या, पण त्यांचं काम तळण विभागातून शेवेचे ट्रे रचलेली ट्रॉली पॅकिंगच्या हॉलपर्यंत ढकलत आणायची आणि रिकामी परत न्यायची हे होतं. दिवसभर.

शोभाताई पन्नाशीच्या, उमरेडकडच्या. घरी पूर्वी हातमाग होता. आडव्या बांध्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्याशी माझी ओळख एका संदेशामुळे झाली. ॲपमधून कामगारांना जाणारे मराठी संदेश मी लिहायचे. माझ्या शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा, त्यामुळे माझं मराठी म्हणजे शब्दकोशाचं. पहिला संदेश मी लिहिला होता, ‘आपले दैनिक ध्येय समायोजित करण्यात आले आहे.’ शोभाताई मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, हे काय झालं माह्या आंगाले?” त्यांना वाटलं आजाराचं नाव आहे.

मी हसले नाही. मला लाज वाटली. आमच्या घरी आई मावशीशी फोनवर “काय करून राहिली वं” असं बोलायची आणि फोन ठेवला की आमच्याशी पुस्तकातलं बोलायची. ती भाषा आमच्या कानांपर्यंत यायची, तोंडापर्यंत येऊ दिली नव्हती. शोभाताईंना मी नीट मराठीत सांगितलं की आकडा थोडा खाली आला आहे, कारण हालचाल कमी दिसते आहे. त्यांनी मोबाइल परत घेतला. मग म्हणाल्या, “बरं.”

ते ‘बरं’ मी ऐकायला हवं होतं तसं ऐकलं नाही. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांचा आकडा दर सोमवारी खाली सरकत बाराशेवर जाऊन थांबला. बाराशेच्या खाली आमचं ॲप जात नसे, तेवढी दया त्यात होती. त्यांचं कूपन पिवळं झालं. रांगेतला तो शेरा मी ऐकला तो त्याच आठवड्यात.

चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना दवाखान्याच्या खोलीत आणलं. ट्रॉलीजवळ त्या खाली बसल्या होत्या, घामाने भिजून, आणि बोलताना शब्द अडखळत होते. सिस्टरने बोटातून रक्त घेऊन साखर बघितली. बावन्न. सिस्टरने त्यांना साखरेचं पाणी पाजलं, मग माझ्या डब्यातला गुळाचा खडा. दहा मिनिटांनी डोळ्यांत नेहमीचं बघणं परत आलं, आणि पहिलं वाक्य होतं, “ट्रॉली मधातच राहिली.”

त्या मधुमेहाची गोळी घेत होत्या. सकाळी गोळी घेतली आणि पुरेसं खाल्लं नाही तर साखर घसरते, ही आमच्या शास्त्रातली पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. माझ्या माहितीत ‘इतर आजार’ या रकान्यात त्यांच्यापुढे ‘नाही’ होतं. ती माहिती सुपरवायझरने एका दुपारी चाळीस जणींची एकदम भरून दिली होती, आणि मी ती तपासली नव्हती. मी विचारलं, सकाळी काय खाल्लं. चहा. काल संध्याकाळी? अर्धी भाकर. का? त्यांनी मोबाइल पुढे केला. काल संध्याकाळी त्यांनी दिवसभराचं खाणं त्यात भरलं, तेव्हा ॲपने लाल अक्षरांत दाखवलं होतं की आजचा कोटा संपला.

“पण तुम्हाला भूक लागली नव्हती का?”

“लागली होती न. पन मशीन काहून खोटं बोलीन? त्याले माह्याशी काय वैर हाय?”

त्यांनी सहज म्हटलं, मला टोचायचं म्हणून नाही. जेवायचं ताट कमी झालं याबद्दल त्या कोणाशी भांडल्या नव्हत्या, कारण दिवसभर पाय दुखत असताना एक यंत्र सांगत होतं की तू चाललीच नाहीस, आणि त्या यंत्राच्या बाजूला शिकलेली मॅडम होती. त्यांनी स्वतःच्या पायांऐवजी माझ्यावर विश्वास ठेवला.

सिस्टरने नाडी बघायला बँड सैल करून वर सरकवला, तेव्हा मला ते दिसलं. मनगटाच्या आतून बाहेरपर्यंत गोंदण. टिंबांच्या ओळी, एक फूल, मध्ये तुळशीवृंदावनासारखी आकृती, सगळं गडद हिरवट निळं. लहानपणी गावात गोंदणारी आली होती तेव्हाचं. अन्नाच्या कारखान्यात बांगड्या चालत नाहीत, त्या गेटवर काढून ठेवाव्या लागतात. बँडला मात्र खास परवानगी होती, तो बांधून त्यावर लांब हातमोजा चढवायचा. म्हणून ते मनगट मी कधी उघडं बघितलंच नव्हतं. बँड बरोबर त्या फुलावर बसत होता. हिरवा दिवा गोंदणावर पडत होता, आणि गडद गोंदणातून त्याला धड काही परत दिसत नाही. बँडवर नाडीच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती. मी तो काढून कोपराच्या खाली, कोऱ्या कातडीवर बांधला. थोड्या वेळात आकडा आला. शहाण्णव.

“आता दिसली का मी त्याले?” शोभाताईंनी विचारलं.

पुढच्या खेपेला मी डोक्यावर टोपी आणि अंगात ॲप्रन घालून तळण विभागाच्या दाराशी उभी राहिले. एक बँड मनगटावर, एक घोट्याला, मोज्याच्या वर. सुपरवायझरला सांगितलं की तपासणी आहे. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे माझे कान लाल झाले असणार. नऊपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी शोभाताईंसोबत ट्रॉली ढकलली. पहिल्या तासात तळहाताला फोड आला. “दांडा आवळून नको धरू वं, तळवा टेकव नुसता. जोर खांद्यातून येऊ दे,” त्या म्हणाल्या. मी मॅडमची ‘तू’ कधी झाले ते मला कळलं नाही, त्यांनाही नसावं.

सुट्टीला दोन्ही बँड बघितले. घोट्यावर नऊ हजारांच्या वर पावलं. मनगटावर सहाशेच्या आत, आणि त्यातली बहुतेक मी घाम पुसतानाची. दांड्यावर टेकवलेला हात झुलत नाही. माझ्या मनगटावर गोंदण नाही, म्हणून माझी नाडी तरी बँडला दिसत होती. शोभाताईंचं तेही नव्हतं. बँडच्या हिशेबाने त्या सकाळपासून एका जागी बसलेल्या, नाडीसुद्धा नसलेल्या बाई होत्या.

मी सगळं लिहून आदित्यला पाठवलं. चाळणीचंही लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: अशी एखादी केस निघतेच, सरासरीत ती मिटते. आणि पुढच्या मंगळवारी हिंगण्याला बैठक आहे, कूपन तिन्ही पाळ्यांना लागू करायचं आहे, आहारतज्ज्ञ म्हणून तुझी सही लागेल.

एखादी केस. हे दोन शब्द मी मंगळवारपर्यंत सोबत घेऊन फिरले. त्या दिवसांत मी यादी काढून बसले. झाडूवाल्या बायका, ज्यांचा एकच हात झुलतो आणि बँड दुसऱ्या हातात असतो. डोक्यावर पिंप धरून नेणारे. गोदामातले हातगाडीवाले. जो जो माणूस काहीतरी धरून चालतो, तो बँडला चालताना दिसत नाही. रिकाम्या हातांनी चालणारी माणसं त्याला दिसतात, संध्याकाळी बागेत फेऱ्या मारणारी. बँड त्यांच्यासाठीच झाला होता, आणि आम्ही तो ट्रॉलीच्या दांड्यावर आणून बांधला होता.

बैठकीत काय झालं ते सांगण्याआधी पुढचं सांगून टाकते. कूपनं त्या कारखान्यात बंद झाली. बोरकर सरांनी त्यानंतर स्वतः दवाखान्याच्या खोलीत बसून ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांची नव्याने नोंद करून घेतली. माझी नोकरी त्यानंतर दीड महिना टिकली. माझ्यात ‘टीम स्पिरिट’ कमी आहे असं ठरलं, आणि ते खरं आहे. आता मी नागपुरातच, धंतोलीत एका दवाखान्यात बसते. यवतमाळहून, गोंदियाहून पेशंट येतात, काहींच्या मनगटावर मुलांनी घेऊन दिलेले बँड असतात. मी आधी त्यांना हात पालथे-उताणे करून दाखवायला सांगते, मग दिवसभर त्या हातांत काय असतं ते विचारते. बरोबरच्या डॉक्टरांना वाटतं मी ज्योतिष बघते. वाटू दे.

शोभाताईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तू कुठं वाढून राहिली होती वं?” मला सोडवायला म्हणाल्या. मी सुटले नाही. कूपन वाढणाऱ्याने छापलं नव्हतं.

तर मंगळवार. दुपारी बारा, थंड खोली, लांब टेबल. बोरकर सर, कारखान्याचे दोन अधिकारी, समोर पडद्यावर आदित्य. सगळं इंग्रजीत चाललं होतं. इंग्रजी मला अडत नाही. अडतं ते बोलणं. मी घोट्याच्या बँडचा कागद सगळ्यांपुढे ठेवला. कोणी तो उचलण्याआधीच आदित्यने माझं नाव घेत हसून सांगितलं की सायली फार बारकाईने काम करते, आणि विषय पुढे नेला. डेटा कधी भावुक होत नाही, असंही काहीतरी म्हणाला. सहीचा कागद टेबलावरून सरकत माझ्यापाशी आला, वर पेन ठेवलेलं.

काचेच्या भिंतीपलीकडून पॅकिंगचा हॉल दिसत होता. चाळीस टोप्या खाली वाकलेल्या, आणि त्यांच्या मधून एक ट्रॉली येत होती. ट्रे डोक्याच्या वर गेले होते, त्यामुळे ढकलणारीचा चेहरा दिसत नव्हता. दांड्यावरचे दोन हात तेवढे दिसत होते, न हलणारे.

मी पेन उचललं आणि टोपण लावून बाजूला ठेवलं. बोरकर सरांनी मात्र माझा कागद वाचला होता. ते गोंधळले होते, खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना. त्यांनी इंग्रजी सोडलं आणि विचारलं, “मग ती बाई दिवसभर नक्की करते काय, मॅडम? सिस्टिममध्ये तर बसून आहे म्हणून येतं.”

माझ्याकडे त्याचं इंग्रजी उत्तर तयार होतं, तीन मुद्दे, पाठ केलेलं. शब्दकोशातलं मराठी उत्तरही होतं. त्यांतलं कुठलंच आलं नाही. जे आलं ते आईच्या फोनवरचं होतं, चोवीस वर्षं कानात पडून राहिलेलं, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“ते बसून नाही राहिली, सर. ते चालून राहिली. बसून तर आपन राहिलो.”